जाळीखालची लोकर

शनिवारी सकाळी थोर्किल सामान घेऊन आला, तेव्हा गुड्रुन डुकरांच्या जुन्या गोठ्यात पत्रा कापत बसली होती. गोठ्यातून डुकरं जाऊन वीस वर्षं झाली होती. आता तिथे तिची छोटी गाडी आकार घेत होती. मोटारीमागे ओढायची, आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा, आणि बाजूने पाहिलं तर पाण्याच्या थेंबासारखी. अशा गाड्या तयार मिळतात, पण बसगाड्यांचे सांगाडे दुरुस्त करण्यात आणि त्यांच्या गाद्या शिवण्यात गुड्रुनची तीस वर्षं गेली होती. दुसऱ्याने मारलेल्या स्क्रूवर झोपायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"घ्या राणीसाहेब," थोर्किल म्हणाला, "दोन खिडक्या, छताचं झाकण, शेगडी आणि हा गाडीच्या जमिनीचा तुकडा. झरोक्यासकट."

"कुठे हात मारलास?"

"व्हिबोर्गच्या पलीकडे एक जण आहे. त्याची कॅराव्हॅन गळायला लागली, म्हणून मोडीत काढली. मी म्हटलं, आमच्या बाईंना असलं भंगार म्हणजे मेजवानी."

"भंगार तू. हे सामान चांगलं आहे."

तो हसला आणि दातांतून शीळ घालत सामान उतरवायला लागला. काम करताना कायम एकच शीळ, धड सूर नसलेली. पूर्वी तिला त्या शिळेचा वैताग यायचा. अलीकडे ती ऐकली की तिला बरं वाटायचं, आणि हे कुणाला कळू नये असंही वाटायचं.

थोर्किल तिचा मेहुणा. तिच्या धाकट्या बहिणीचा, लिसेचा नवरा. लिसे जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि ती अकरा वर्षं दर रविवारी थोर्किल गुड्रुनच्या टेबलावर जेवत होता. डुकराचं कुरकुरीत मांस, उकडलेले बटाटे, वर तपकिरी रस्सा. या वसंतात असाच बटाटा सोलता सोलता तो म्हणाला, "आपण दोघं नॉर्वेला जाऊ या का गं? छोटीशी गाडी करून?" एकोणसाठाव्या वर्षी गुड्रुनचे कान लाल झाले. शेजारची इंगा तर दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून विचारती झाली, "पडदे कुठल्या रंगाचे लावणार? आणि गादी एक की दोन?" एकच होती. म्हणूनच ही गाडी तिला जीव ओतून करायची होती. एवढ्या वर्षांनी ती पुन्हा एका माणसाशेजारी डोळे मिटून झोपणार होती.

लिसेचं मरण हे युटलंडच्या या काठावर सगळ्यांना पाठ होतं. कॅराव्हॅनवाल्यांच्या घरात पोरांना चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवतात: जमिनीतला झरोका बुजवायचा नाही, कितीही थंडी वाजली तरी. हीटर जळतो, त्याचा वायू आत साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. ईस्टरच्या आठवड्यात फ्योर्डच्या खाडीकाठी, कॅराव्हॅनच्या तळावर कडक गारठा होता. थोर्किल ट्राउट मासे धरायला रात्रभर पाण्यात उभा होता. पहाटे परतला तर लिसे अंथरुणात निपचित पडलेली. पोलीस आले तेव्हा त्याच्या मुठीत करड्या लोकरीचा बोळा होता. "झरोक्यात होती," तो रडत म्हणाला. "तिचे पाय कायम गार... तिनेच कोंबली असणार."

गुड्रुनला तेव्हा दुःखाआधी संताप आला होता. दफनानंतर सगळे कॉफीला बसले असताना ती मोठ्यांदा म्हणाली, "सहा वर्षांच्या पोराला कळतं ते हिला कळलं नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून गावात लिसेचं नाव निघालं की लोक हळहळायचे आणि वर जरासे हसायचेही.

थोर्किलने ती कॅराव्हॅन चिरडून टाकायला दिली होती. निदान तो तसं म्हणाला होता.

जमिनीचा तुकडा गुड्रुनला पाहताक्षणी आवडला. फळी कुजलेली नव्हती. झरोक्यावरची बारीक जाळी चार स्क्रूंनी वरून घट्ट बसवलेली, आणि जाळीच्या कडा नि स्क्रू यांच्यावरून एकसलग साईच्या रंगाचा हात फिरलेला. कारखान्यातून निघाल्यापासून जाळीला कुणी हात लावलेला नव्हता. तिने तो तुकडा पायाच्या बाजूला जसाच्या तसा बसवला, कडांना सील भरलं आणि झरोका उघडा राहील अशी गादी टाकली.

मंगळवारी तिला पहिल्यांदा ते दिसलं. गुडघ्यांवर आत शिरून ती दिव्याची तार ओढत होती. जाळीखाली काहीतरी करडं होतं. उंदराने घर केलं असेल, असं म्हणत ती बाहेर आली आणि गाडीखाली आडवी झाली. गाडी टेकूंवर उभी होती, खालची फरशी झाडून लख्ख. झरोका रिकामा. तिने खालून बॅटरी लावली, तर उजेड आरपार गेला आणि आत छतावर जाळीची नक्षी उमटली. ती पुन्हा आत गेली. जाळीखाली करडं होतंच, दाबून भरलेलं. तिने बोट टेकवलं. जाळीच्या भोकांतून तंतू बोटाला लागले. लोकर होती, आणि ती उबदार होती.

गुड्रुन हात पुसत घरात गेली आणि तिने दोन कप कॉफी घेतली. डोळ्यांचा नंबर वाढला असेल, असं तिने स्वतःला बजावलं. स्वतःला बजावण्यात ती पटाईत होती.

बुधवारी दुपारी थोर्किल थिस्टेडला दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. गुड्रुनने गादीचा अंदाज घ्यायचं ठरवलं. दारांना बाहेरची कडी बसवून झाली होती, आतली मूठ अजून लावायची होती. म्हणून कडी पडू नये अशा बेताने तिने दाराच्या फटीत फडकं कोंबलं, दार ओढून घेतलं आणि आडवी झाली. खिडक्यांवर अजून पुठ्ठे होते. बाहेर लख्ख दुपार, आणि आत पेटीसारखा अंधार. नव्या लाकडाचा वास होता. मग त्या वासाखालून दुसरा वास आला. ओल्या रबरी बुटांचा, आणि माशांच्या खवल्यांचा.

गोठ्याला सिमेंटची फरशी होती. तरीही खालून खडी करकरली... कुणीतरी कोपरांवर सरपटत गाडीखाली येत होतं.



पायाशी, अगदी तळव्याखाली, अंगठ्याने काहीतरी दाबून बसवल्याचा आवाज यायला लागला. थोडं दाबायचं, थांबायचं, पुन्हा दाबायचं. आणि त्या आवाजाबरोबर दातांतून घातलेली शीळ. धड सूर नसलेली.

"आता वारा येतोय का पायांना... लिसे?"

आवाज थोर्किलचा होता, पण तरुण, गमतीत असलेला. आणि गुड्रुनच्या शेजारून, गादीच्या रिकाम्या अर्ध्या भागातून, कुणीतरी कुशीवर वळलं आणि झोपाळू आवाजात म्हणालं, "नाही. आता छान वाटतंय. जा तू."

गुड्रुन दार ढकलून बाहेर कोसळली. तिचे गुडघे फुटले.  मग तिने पेचकस घेतला, आत वाकली आणि जाळीच्या स्क्रूवर टेकवला. रंगाचा पापुद्रा फुटला, पहिल्यांदाच. ती जाळी आतून कधी निघालीच नव्हती. एवढ्या बारीक जाळीतून आतून लोकर घालणं कुणालाच शक्य नव्हतं. ती खालूनच भरता येत होती, बाहेरून, कोपरांवर सरपटत जाऊन.

तिला एकदम लिसे आठवली, सहा वर्षांची, दात पडलेली, "मी नाही केलं" म्हणत ओरडणारी. लहानपणीही तिच्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

चार वाजता थोर्किल आला. अर्धा गाल बधिर, हातात दालचिनीच्या रोलची पिशवी. "कोफी दे," तो बोबडं बोलत हसला. "तोंडाची ही बाजू घरीच नाही माझी."

"ही जमीन कुठली, थोर्किल?"

"सांगितलं की. व्हिबोर्गचा..."

"पुन्हा सांग. माझ्याकडे बघून."

त्याने पिशवी कामाच्या टेबलावर ठेवली. बघितलं मात्र नाही. 

"माझ्याच्याने टाकवली नाही गं," तो अखेर म्हणाला. "एका शेतकऱ्याच्या कोठारात ठेवली होती. इतकी वर्षं. म्हटलं, तू तिचं काहीतरी नवं केलंस तर... ते सगळं संपेल. आपलं म्हणून काहीतरी होईल."

"आणि लोकर?"

तो बधिर गालाला हात लावून उभा राहिला.

"लिसेने कोंबली नव्हती," गुड्रुन म्हणाली. "ही जाळी कधी उघडलीच नाही. तू खाली गेला होतास."

"तिनेच सांगितलं होतं... पाय गारठलेत, काहीतरी कर. मी म्हटलं, तासाभरात येतो, आल्यावर काढतो. मासे लागायला लागले गुड्रुन. मी विसरलो. नुसता विसरलो मी! मारायचं नव्हतं मला तिला."

"ते कळलं मला. पण पोलिसाला काय सांगितलंस? गावाला काय सांगितलंस? मला?"

"मी सांगणार होतो." आता त्याने वर पाहिलं. "त्या दिवशी, कॉफीच्या वेळी. ओठांवर आलं होतं. पण त्याआधी तूच म्हणालीस, पोराला कळतं ते हिला कळलं नाही. सगळ्यांनी मान हलवली. मग मी कसं बोलणार होतो? तू वाटच ठेवली नाहीस मला."

अकरा वर्षं हा माणूस तिच्या हातचे बटाटे खात होता, तिच्या तोंडून मेलेल्या बहिणीची नालस्ती ऐकत होता, आणि ताट पुढे करून आणखी रस्सा मागत होता. आणि आता तो तिच्याच गळ्यात घालत होता ते. तिला त्याची एवढी चीड आली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. स्वतःची त्याहून जास्त आली, पण ती कुणावर काढणार?

"तिने मला ऐकवलं ते," ती म्हणाली. "तुम्हा दोघांचं बोलणं. आज दुपारी, याच गादीवर."

थोर्किलचा चेहरा उतरला. मग कीव केल्यासारखा झाला. तेच तिला सहन झालं नाही. "दमलीयस तू, गुड्रुन. लाकूड आहे ते. थांब, मी झोपून दाखवतो." तिचं उत्तर न ऐकताच त्याने बूट काढले, फटीतलं फडकं फेकलं, तो आत शिरला आणि त्याने दार ओढलं. बाहेरची कडी खट्‌कन आपोआप बसली.

"बघ," आतून त्याचा आवाज आला. "काही नाही. मऊ आहे गादी. तूच केलीस ना, म्हणून." थोडा वेळ गेला. "पायाशी जरा गार लागतंय, एवढंच."

गुड्रुन टेबलापाशी उभी होती, गाडीपासून दहा पावलांवर.

"गुड्रुन? खाली काय करतेयस?"

ती वाकून पाहू लागली. चार टेकू, झाडलेली फरशी, त्यावर दुपारचा उजेड. गाडीखाली कुणीही नव्हतं.

"नको ना... हात काढ तुझा. ही थट्टा बरी नाही." गादी करकरली. "गुड्रुन, कोण आहे खाली? कुणीतरी कोंबतंय... दार उघड. इथे मूठ नाही. दार उघड!"

ती दारापाशी आली. तिने कडीवर हात ठेवला. लोखंड गार होतं. दार उघडायचं होतं तिला, हे खरं आहे. नंतर ती हे शपथेवर सांगायची आणि ते खोटं नव्हतं. पण तिच्या मनात आलं, एवढंसं कळू दे याला. क्षणभर. कुणी ऐकत नाही तेव्हा कसं वाटतं, ते याच्याही हाडांत उतरू दे. मी दहा मोजते.

तिने दहा मोजले. घाई न करता, जत्रेत लपाछपी खेळताना मोजायचे तसे. चारला त्याचा आवाज हळू झाला. सातला तो लिसेशी बोलायला लागला, अगदी समजुतीच्या सुरात. नऊला आत शांतता झाली. दहाला तिने कडी उचलली.

दार उघडलं तेव्हा ऊन तिच्या पाठीवर पडलं. गोठ्याला पूर्वेला एकच खिडकी होती. त्या खिडकीतून फक्त सकाळी ऊन येत असे.

थोर्किल कुशीवर झोपला होता, गुडघे पोटाशी घेऊन, गाल गुलाबी, अगदी टवटवीत. तो श्वास घेत नव्हता.

मागून इंगाची हाक आली. "अगं, काल संध्याकाळपासून फोन करतेय तुला! दिवा चालू, दार सताड उघडं, आणि तू..." तिची नजर गाडीत गेली. मग हळूच म्हणाली, "गुड्रुन, तू रात्रभर इथे उभी होतीस?"

टेबलावरचे दालचिनीचे रोल लाकडासारखे कडक झाले होते. गुड्रुनच्या घोट्यांवर सूज होती, आणि कडी धरलेला हात मिटायला तयार नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, वायूने गेला. रक्तात तो एवढा भरला होता की हीटर जळता ठेवून माणूस अख्खी रात्र बंद खोलीत झोपला असेल तरच तसं होतं. पोलिसाने गाडीचा कोपरान् कोपरा पाहिला. हीटर नव्हताच. शेगडी फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, नळीसुद्धा न जोडलेली. गोठ्यात जळणारी वस्तू कुठेच नव्हती. मग तो गाडीखाली आडवा झाला. झरोका रिकामा होता, आरपार उजेड येत होता.

तरुण पोलीस होता, चांगल्या घरातला. त्याने टोपी काढली आणि अगदी हळू विचारलं, दार किती वेळ बंद होतं.

"दहा मोजेपर्यंत," गुड्रुन म्हणाली. "अकरावा आकडा मी म्हटलाच नाही. लिसेला विचार हवं तर."