एका घराला एक परवाना

दसऱ्याच्या सकाळी मंजुश्री पहिल्यांदाच लातूरच्या फूलबाजारात गिऱ्हाईक म्हणून आली, अन् समोर कोण, तर भागवत! आभाळ मळकटलेलं, भुरभुर पाऊस, पायाखाली झेंडूचा चिखल.

"तुझा गाळा कुठं हाय गं? मघापासून हुडकून राहिलो. टेम्पोभर झेंडू आणलाय."

"माझा? मी तर... अर्जच न्हाई केला."

आता ही भानगड सांगायलाच हवी. बाजाराच्या मैदानात सणापुरता गाळा लावायचा तर परवाना लागतो, अन् तो एका घराला एकच. दरसाल दोघांचे गाळे शेजारी. तिची शेवंतीची रोपं, त्याचा झेंडू. गेल्या दसऱ्याला भागवत हळूच म्हणाला होता, "बहिणीचं लग्न उरकू दे. पुढल्या दसऱ्याला तुझ्या अप्पांना भेटतो. मग आपल्याला एकच परवाना पुरंल... चालंल?"

मंजुश्रीनं मान खाली घालून शेवंतीला उगाच पाणी घातलं. तेच उत्तर! पण अर्ज कुणी करायचा, हे काही ठरलं नाही. लाजरी माणसं, दुसरं काय!

तिनं अर्ज केला नाही, त्याच्याच गाळ्यात बसायचं म्हणून. परवाने वाटताना ती मुद्दाम ऐकायला गेली, तर त्याचं नाव पुकारलंच नाही. फोन करावा, तर पोरीनं आपण होऊन काय म्हणून करायचा? इकडं अप्पा उदगीरच्या स्थळासाठी हात धुऊन मागं लागलेले. रागाच्या भरात ती हो म्हणून बसली.

"मला वाटलं, तू फिरलास."

"फिरलो? आगं येडे, तुझी जागा ऱ्हावी म्हणून मी माझी सोडली! चल, अप्पांना आत्ताच भेटतो."

"काल सुपारी फुटली, भागवत."

तो टेम्पोच्या फळीवरचं पाणी हातानं निपटत राहिला. तिला वाटलं, ओरडावं यानं, भांडावं... पण तो भांडणारा नव्हताच मुळी.

"तू कशाला आली होतीस?"

"आईनं धाडलं. तोरणाला फुलं..."

भागवतनं तिच्या हातातली पिशवी घेतली. टपोरी, केशरी फुलं निवडून निवडून काठोकाठ भरली. तिनं पदराची गाठ सोडायला घेतली, तसा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. इकायला परवाना लागतो. माझ्यापाशी न्हाई."

त्या दसऱ्याला मंजुश्रीनं दाराला तोरण बांधलं. रडू आवरत, एकेक फूल ओवून बांधलं.