तोड्यातला खडा

राहीच्या कामाला नाव नव्हतं. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात टहलराम शेठचं जुन्या चांदीचं दुकान होतं, आणि मोडीत आलेला दागिना आटवायचा की जसाच्या तसा मुंबईच्या शौकीन लोकांना विकायचा, हे राही सांगायची. झीज कुठे झाली आहे, सांधा कसा झाळलाय, नक्षी कुठल्या मुलखाची, हे ती भिंगातून बघायची. पोकळ तोडा आला की मात्र आधी कानाशी धरून हलवायची. जुने सोनार तोड्यात बारीक खडे भरून तोंड झाळून बंद करत, म्हणजे बाई चालली की आवाज यायचा. घालणारीला तो आवाज गोड, दुकानाला मात्र कडू. चांदीच्या भावात दगड कोण घेईल?

दगडांचा नाद तिच्या घरातलाच होता. बदलापूरला बॅरेजच्या खालच्या अंगाला नदी उथळ होते, तिथे सगळ्या बायका धुणं घेऊन जायच्या. राहीची आई, अंजनी, धुणं घेऊन जायची आणि ओटीत दगड घेऊन यायची. गारगोट्या, हिरवट, शेंदरी, जाळीचे. सापडलेला दगड ती जिभेला लावून बघायची, कारण म्हणे ओला झाल्याशिवाय दगड आपला खरा रंग दाखवत नाही. आप्पा, म्हणजे रामभाऊ, अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. ते म्हणायचे, "लोकांच्या बायका सोनं मागतात. आमच्या हिला नदी पुरते. बाकी मी नशीबवान."

मार्चमध्ये अंजनी काविळीने गेली. स्मशानात गुरुजींनी आप्पांना एक दगड उचलायला सांगितलं. मडकं फोडायला जो दगड घेतात तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्याच्यात असतो असं मानतात, त्याला रोज पाणी देतात आणि दहाव्याला तो नदीत सोडतात. आप्पांनी खाली न वाकता सदऱ्याच्या खिशातून अंजनीच्या दगडांतलाच एक काढून दिला. सुपारीएवढा, काळा कुळकुळीत, भोवती पांढरं कडं. ते कडं एका जागी जुळत नव्हतं, मध्ये तांदळाएवढी फट होती.

"एवढासा?" गुरुजी म्हणाले.

"तिचाच आहे," आप्पा म्हणाले.

दहाव्या दिवशी आप्पांनी तो कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून धारेत सोडला. राही काठावरच होती. तिने तो पाण्यात जाताना बघितला.

त्यानंतर राही रडली नाही. शेजारणी म्हणाल्या, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली! तिच्या आत काही हलतच नव्हतं. चहा गरम आहे की गार, हेसुद्धा कप रिकामा झाल्यावर लक्षात यायचं. दुःख कुठेतरी आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता सापडत नाही, एवढंच तिला कळत होतं.

आणि आप्पा जेवेनात. वाढलेलं ताट जवळजवळ तसंच परत यायचं. गणपती येईपर्यंत सदरा खुंटीवर टांगल्यासारखा त्यांच्या अंगावर लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. जगायचं मनातच नाही त्यांच्या." राहीने ऐकून घेतलं. आप्पांनी जेवावं, आप्पांनी जगावं, याच्यापलीकडे तिला आता जगाकडून काही नको होतं.

दसरा झाल्यावर बारवी धरणाकडच्या डोंगरातली ठमाबाई दुकानात आली. तिने फडक्यातून तोड्यांचा जोड काढला.

"आमच्या आजेसासूचं हाय, बाय. तिच्या पायातनं सासूच्या पायात, तिथनं माज्या. आता सून म्हनते, जड व्हतंय."

राहीने तोडा कानाशी धरला. बारीक खड्यांची सळसळ आली, आणि तिच्यात मध्येच एक जाड, बोजड ठोका. तिने सांधा भिंगाखाली धरला. झाळण जुनी, काळी पडलेली, कुठे ओरखडा नाही. ठमाबाईच्या परवानगीने तिने बारीक करवतीने तोडा कापला आणि ताटलीत उलटा केला. धूळ पडली, बाजरीएवढे कोरडे खडे पडले. मग एक काळा दगड घरंगळत आला.

तो ओला होता. त्याला नदीची वाळू चिकटलेली होती. पांढरं कडं होतं, आणि एका जागी फट होती.

"ह्यो कसला गं?" ठमाबाई म्हणाली. "आमचा न्हाई."

ठमाबाईने तो परत घेतला नाही. राहीने तो रुमालात बांधला. असे दगड नदीत शेकड्याने असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. पण ओळख पटवणं हाच जिचा धंदा, तिने स्वतःला फसवायचं तरी किती?

त्या संध्याकाळी आप्पांनी भाकरी मागितली. एक खाल्ली, अर्धी आणखी घेतली आणि म्हणाले, "बाहेर हवा बरी आहे आज." राही नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दगड तिच्या पर्समध्येच होता.

विसर्जन झालेली वस्तू घरात ठेवू नये, एवढं तिला माहीत होतं. सकाळी कामावर जाण्याआधी ती नदीवर गेली आणि तिने दगड लांब फेकला. दुपारपासून आप्पांनी अन्न सोडलं. आठवडाभरात त्यांना सलाईन लावावं लागलं, आणि नर्सला शीर सापडेना.

"राही बेटी, हे बघ जरा," टहलराम शेठने एक कडं तिच्यापुढे ठेवलं. "मावशीचं. पार्टिशनला शिकारपूरहून पायात घालून आली, कधी उतरवलं नाय. आता पाय सुजतात, तर साबण लावून काढलं. असलीच हाय, मला म्हाईत. तू फक्त खडे काढ."

सिंधमधलं कडं. ह्या नदीचं पाणी त्याने कधी बघितलं नव्हतं. राहीने ते हलवलं नाही, कानाशीही नेलं नाही. सरळ करवत लावली. कापलेल्या फटीतून आधी पाण्याचा थेंब आला.

ह्या वेळी तिने दगड फेकला नाही. घरी नेला, वाटीत ठेवला, वर पाणी ओतलं आणि वाटी खिडकीत ठेवली. आप्पा दवाखान्यातून घरी आले. आले ते स्वतःच्या पायांनी जिना चढून. त्यांनी आमटी प्यायली, मग भात मागितला. राहीला आनंद व्हायला हवा होता. झाला असावा. तिने पुन्हा भात टाकला.

वाटीतलं पाणी रोज सकाळी संपलेलं असायचं. राही पुन्हा भरायची.

आप्पांच्या अंगावर मांस धरलं. शेजारणी म्हणाल्या, "मुलीने बापाला ओढून आणलं हो!" आप्पा दुपारी नदीवर जायला लागले. घरात मीठ कुठे असतं हे ज्या माणसाला जन्मात ठाऊक नव्हतं, तो आता पीठ मळायला लागला. एकदा राही कामावरून आली तेव्हा ते दारात बसून एक शेंदरी गारगोटी न्याहाळत होते. त्यांनी ती जिभेला लावली.

"इकडे ये, बयो," ते म्हणाले. "केसांचं काय करून घेतलंस हे?"

आप्पा तिला राही म्हणत. बयो म्हणायची ती आई.

त्यांनी तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. कारखान्यात चाळीस वर्षं लोखंड कापलेले ते खरखरीत हात, पण वेणी घट्ट आणि सरळ पडली. राही मान खाली घालून बसली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची भीती वाटली. कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वाटीतला दगड उचलला आणि नदी गाठली. पाण्याच्या कडेला ती बराच वेळ उभी राहिली. फेकला तर काय होईल, हे तिला माहीत होतं. सलाईनची सुई आणि न सापडणारी शीर तिच्या डोळ्यांपुढे आली. आप्पा जगायला हवे होते. ती दगड घेऊन घरी परत आली.

आप्पा ओट्यापाशी उभे होते.

"नदीवर गेली होतीस?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता.

"हो."

"पाय धुऊन घे."

राहीने पाय धुतले, दगड वाटीत ठेवला. मग पानं घेतली. आप्पांना आवडायची तशी सुक्या बोंबलाची चटणी, त्यावर कच्चं तेल. ती त्यांच्यापुढे ताट सारून बसली.

त्यांनी ताटाकडे बघितलं. बोटांनी हलकेच ते बाजूला केलं.

"हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी, आप्पा."



"त्यांची वाट नको बघूस, बयो. ते गेले. दुपारीच." आवाज अगदी मऊ होता. "मला थोडा भात वाढ."

राहीने भात वाढला. हातातली पळी तिला खाली ठेवता येईना.

मग मार्चपासून पहिल्यांदा तिला रडू आलं. आवाज करत, लहान पोरासारखं.

समोरचं माणूस ताटावरून उठून तिच्याजवळ सरकलं. उजवा हात डाव्या खांद्यावर गेला आणि तिचे डोळे पुसायला सदऱ्यावर पदर चाचपडत राहिला.