विचारू नका

"पुढे जा ना!" तिने वळून न बघताच हात हलवला. मागची गाडी काही पुढे जाईना. चढावर सायकल मारताना तिचा आधीच जीव निघाला होता, त्यात ते इंजिन पाठीशी गुरगुरत होतं.

"जाता येत नाही," खिडकीतून आवाज आला. "शेवटच्या माणसाच्या मागेच राहायचं, असं सांगितलंय मला."

"म्हणजे मी शेवटची?"

"मला... तसं म्हणायचं नव्हतं."

आता मात्र तिने वळून बघितलं. गाडीच्या टपावर दोन सायकली बांधलेल्या, त्यांचे मालक मागच्या सीटवर घोरत पडलेले, आणि स्टीअरिंगवर ग्रीसने काळे झालेले हात ठेवून एक तरुण ओशाळून हसत होता. एरवी तो सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. आज या सायकल-सफरीत हार मानलेल्यांना उचलून आणायचं काम त्याच्याकडे होतं. पण ते हसू असं काही होतं, की हिचा पाय पॅडलवरून सटकलाच.

"मी बसणार नाहीये हं तुमच्या गाडीत!"

"नकाच बसू. या दोघांच्या घोरण्यानेच डोकं उठलंय."

डोंगररस्त्यांवरची ही दिवसभराची सफर सूर्य मावळायच्या आत एकट्याने संपवायची होती. सायकल बिघडली तर आपली आपणच नीट करायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, काय बिघडलंय तेही सांगायचं नाही. लक्ष ठेवायला मात्र कुणी नसायचं. शेवटी वेळ बघणारे काका एवढंच विचारायचे, "सगळं तुझं तूच केलंस?" हो म्हटलं की नाव फळ्यावर.

ते नाव तिला हवंच होतं. गाणं, पोहणं, एक ठरलेलं लग्नसुद्धा... सगळं तिने अर्ध्यावर सोडलेलं, आणि आई ही यादी येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडपाठ म्हणून दाखवायची.

"एरवी काय करता तुम्ही?" पुढच्या चढावर त्याने विचारलं.

"चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते."

"मग माझेही तपासा की. सकाळपासून समोर एकच माणूस दिसतंय."

"हसवू नका हो! दम लागतो... ही मदत नाही, चक्क अडथळा आहे!"

शेवटचा चढ सुरू झाला आणि साखळी तुटली. तिने जादाची कडी घालून ती जोडली. तो हात पाठीमागे बांधून रस्त्याच्या कडेला उभा होता. ती निघाली, पण सायकल पुढे सरकेचना. खर्र... खर्र... जणू मागे कुणी ओंडका बांधलाय. ऊन डोंगरमाथ्यावर सरकलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर मागच्या चाकाकडे गेली आणि चटका बसल्यासारखी मागे आली.

"अहो, एक विचारू—"

"नको!" तो जवळजवळ ओरडलाच. "विचारू नका. प्लीज."

"का?"

"तुम्ही विचारलंत तर मी सांगून टाकेन. तुम्हाला नाही म्हणणं मला जमायचं नाही... सकाळीच कळलंय मला ते."

मग त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे तो बोलून बसला होता. त्याने धावत जाऊन गाडी मागे घेतली आणि काच वर केली.

ती मागच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसली. साखळी गिअरच्या छोट्या चाकांमधून ओवताना मधल्या पत्र्याच्या चुकीच्या बाजूने गेली होती आणि त्यावर घासत होती. तिने ती सोडवली, नीट ओवली आणि छाती फुटेस्तोवर पॅडल मारत सुटली.

ती पोचली तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. लोक टाळ्या वाजवत होते. काकांनी खडू उचलला.

"सगळं तुझं तूच केलंस?"

गर्दीच्या मागून तो डोळ्यांनी विनवत होता, हो म्हणा, हो म्हणा. तिच्या ओठांवर हो आलंही होतं.

"नाही, काका. मला मदत झाली."

"कुणाची?"

"त्यांची."

काकांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि खडू खाली ठेवला. टाळ्या थांबल्या.

तो गर्दीतून वाट काढत आला. "वेड लागलंय का तुम्हाला? काय सांगितलं होतं मी? काहीच नाही!"

"काहीच नाही?"

त्याचे कान लाल झाले.

"हो म्हटलं असतं तर नाव लागलं असतं," ती म्हणाली. फळ्याकडे बघताना तिचे डोळे भरून आले होते, आवाज कापत होता. "पण मग ते 'तुम्हाला नाही म्हणणं जमायचं नाही' तुम्ही बोललाच नाहीत, असं झालं असतं. ते मला नको होतं."

त्याने काळे हात पँटला पुसले.

"मग... पुन्हा बोलू?"

"बोला की," ती म्हणाली. "आता मी बादच झालेय."