चकचकीत नको

"हा बघा! किती चकचकीत आलाय!"

मशीनमधून नुकताच पडलेला प्लास्टिकचा बिल्ला त्याने माझ्या नाकासमोर नाचवला. काकांनी सांगितलेलं दुकान बंद होतं, म्हणून मी समोरच्या या दुकानात शिरले होते. छपाईची मशीनं भाड्याने देणारं दुकान. मालकीण त्याची आत्या. ती बाहेर गेली होती आणि गल्ल्यावर हा बसला होता.

"मला चकचकीत नकोय."

"ताई, लोक यासाठी रांग लावतात."

"ताई म्हणू नका."

"बरं... मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. जाड, बिनचमकीच्या कागदावर काळं ठळक अक्षर छापणारं मशीन दाखवा."

त्याने कोपऱ्यातल्या एका ओबडधोबड प्रिंटरकडे अशा चेहऱ्याने बोट दाखवलं, की जणू मी लग्नाला जायला गोणपाट मागितलं होतं. "ते? त्याचे बिल्ले हाताने कापावे लागतात. कार्यक्रमाला आलेले लोक हसतील हो!"

माझं डोकंच फिरलं. पर्समधून मी बाबांचा चष्मा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. मोतीबिंदू झालेल्या माणसाला जग कसं दिसतं, हे घरच्यांना कळावं म्हणून बाबा तो दवाखान्यात ठेवायचे. काचा मुद्दाम धुरकट केलेल्या.

"घाला. आणि वाचा तुमचा चकचकीत बिल्ला."

त्याने चष्मा लावला. बिल्ला जवळ नेला, लांब धरला, दिव्याखाली तिरका केला. प्लास्टिकवर नुसता उजेड सांडला होता.

"काही दिसत नाही," तो हळूच म्हणाला. मग मान माझ्याकडे वळवली. "तुम्ही दिसताय, पण... अंधूक. रागावलेल्या आहात, एवढं मात्र स्वच्छ कळतंय."

मला हसू आलं आणि त्याचा आणखीच राग आला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. माझे बाबा डोळ्यांचे डॉक्टर होते. वाक्याच्या शेवटी 'होते' म्हणायची मला अजून सवय झाली नव्हती. दरवर्षी ते आपल्या पेशंटांना एका हॉलमध्ये जमवायचे. नियम एकच – स्वतःचं नाव सांगायचं नाही, समोरच्याने ते बिल्ल्यावर वाचायचं. माणसांना नुसत्या आवाजावरून ओळखण्यात ज्यांची वर्षं गेली, त्यांनी एकदा तरी एकमेकांना वाचावं, ही बाबांची हौस. त्यांच्यामागे होणारा हा पहिलाच मेळावा. बाकी सगळं काकांनी अंगावर घेतलं होतं. मी फक्त बिल्ल्यांचं काम मागून घेतलं होतं.

तो चष्मा पुसत होता.

"उद्या संध्याकाळी या," तो म्हणाला. "कापायला दोघं लागतील."

मग रोजच्या संध्याकाळी तिथेच जाऊ लागल्या. तो छापायचा, मी कापायचे. गरम कागदाचा वास, कात्रीची करकर आणि आमची वादावादी. अक्षर केवढं असावं, यावर आम्ही भांडलो. पिवळ्या कागदावर भांडलो. कडा गोल कापाव्यात की सरळ, यावर तर तो 'गोलच' म्हणून इतका हट्टाला पेटला की मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. त्याने न विचारता माझ्यापुढे चहा सरकवला आणि कडा गोल झाल्या.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुकानात शिरले, तर आत काका बसलेले. काउंटरवर त्याच्या आत्याने छापून दिलेल्या चकचकीत बिल्ल्यांची चळत – वर चष्म्याच्या दुकानाचं भलंमोठं चित्र आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात नाव.

"मी ऑर्डर बदललीय," काका म्हणाले. "जाहिरात देणाऱ्यांचा मान ठेवायला नको?"

"काका, हे कुणालाच वाचता येणार नाही!"

"मग तोंडाने सांगतील नावं. तू ना, आता प्रत्येक गोष्टीत दादाला मध्ये आणायचं सोड, बाळ."

मी चळतीतला एक बिल्ला उचलला आणि तसाच परत ठेवला. आणि नेमका तेव्हाच तो मध्ये बोलला.

"काका, हे बिल्ले मिळणार नाहीत आणि उद्यासाठी हे मशीनही नाही."

"म्हणजे? तुमच्या आत्यांशी बोलणं झालंय माझं!"

"आत्याला मी बघतो. फार तर घराबाहेर काढेल. पण वाचता न येणारी नावं आमच्या दुकानातून जाणार नाहीत."

काका तणतणत निघून गेले. मी त्याच्यावरच उसळले.

"तुम्हाला कोणी मध्ये पडायला सांगितलं होतं? माझं भांडण मला भांडता येतं!"

"माहितीये. आठवडाभर बघतोय ना मी."

"मग?"

"मग काय... तुम्ही गप्प झालात. ते मला बघवलं नाही."

मी कात्री उचलली आणि उरलेल्या कडा कापायला घेतल्या. त्याने कागद दुसऱ्या बाजूने धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सुरुवातीला नुसती शांतता होती. माणसं एकमेकांसमोर थांबत होती, किंचित वाकत होती, ओठ हलवत होती... आणि मग एकेक नाव मोठ्याने ऐकू येऊ लागलं. मग हसणं. एक आजी माझ्यापुढे उभ्या राहिल्या. माझं नाव त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, बाबांच्या नावाशी जरा थांबून. मग माझ्या गालावर हात ठेवला.

दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, मी तिथे रडले. तो दाराशी प्रिंटर घेऊन बसला होता. उठून आला आणि नुसता शेजारी उभा राहिला.

हॉल रिकामा होताना काका जाहिरातवाल्याला सांगत होते, "बिल्ल्यांची कल्पना आमचीच हो!" माझे कान तापले.

"ऐकलंत? ऐकलंत का तुम्ही? आणि हसताय काय!"

"तुम्ही परत रागावलात म्हणून," तो म्हणाला. मग आवाज एकदम खाली आला. "मला... हे रोज हवंय. तुम्ही हव्या आहात. रागासकट."

"ही काय विचारायची पद्धत झाली? हातात वायरी घेऊन?"

त्याने वायरी खाली ठेवल्या. कान लालबुंद झाले होते.

"घरापर्यंत सोडायला येऊ?"

"रस्ताभर भांडेन."

"लांबच्या रस्त्याने जाऊ मग."

उद्धटपणाची कमाल होती. मी त्याला तसं ठणकावून सांगितलंही – वळणावर पोचेपर्यंत, त्याचा हात धरून.