निळ्या टाक्याचं पुस्तक

“पेटी रिकामी आहे!”

नम्रताआत्याचा आवाज ऐकून ऋतिका धावली. मागोमाग तिच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतली सृष्टी आणि शंभूही!

उद्या आत्या हिंजवडीच्या कंपनीत रुजू होणार होती, तिथेच खोली घेऊन राहणार होती. आणि आजीनं तिच्यासाठी ठेवलेली कादंबरीच गायब! स्वतःच्या बळावर जगणाऱ्या बाईची ती जुनी, गाजलेली गोष्ट. तीनशेच प्रतींची भेट-आवृत्ती, कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. “नोकरी लागली की पहिलं पान उघड,” असं आजी जाण्यापूर्वी म्हणाली होती. आत्यानं चार वर्षं ते उघडलं नव्हतं.

“बघ, अपशकुनच झाला,” बाबा पेपरातून म्हणाले. “रोज बसनं ये-जा कर. एकटीनं राहायचं काय खूळ!”

आत्या पेटीचा तळ पुन्हा चाचपू लागली. ऋतिकाला तिच्याकडे बघवेना.

“चोर पुस्तक कशाला नेईल?” शंभूनं विचारलं.

“तूही कधी हात लावत नाहीस!” सृष्टी म्हणाली.

ऋतिका हसली नाही. पेटीत खाकी कागदाचा कपटा आणि निळा दोरा होता. “हे अण्णांचं काम!” ती ओरडली. कसबा पेठेत शिवणकाम करणारे तिचे आजोबा जपून ठेवायच्या पुस्तकांना कव्हर घालून कोपऱ्यांना निळा टाका मारत. पुस्तक मळू नये म्हणून त्यांनीच ते झाकून बाहेर ठेवलं असणार!

“बाबा, टेबलावर खाकी कव्हरचं जाड पुस्तक होतं?”

“तुझी सातवीची ना? गठ्ठा सकाळीच रद्दीत दिला.”

“उघडून पाहिलंत?”

“रद्दी कोण वाचतं?”

तिघांच्या सायकली आळंदी रस्त्याला सुसाट सुटल्या. रद्दीच्या दुकानात खाकी पुस्तकांचा डोंगर होता आणि दारात टेम्पो!

“परीक्षा झाल्यात, समदी पोरं हेच आणत्यात,” दुकानदार ज्ञानदेव म्हणाला. “धा मिनिटांत माल भरायचाय.”

शंभू एकेक पुस्तक उघडू लागला.

“उघडू नका, कोपरे चाचपा!” ऋतिका म्हणाली. शेवटचा गठ्ठा टेम्पोकडे निघाला, तेव्हा तिच्या बोटांना टाक्याची गाठ लागली. कव्हराखाली सोनेरी अक्षरं होती! तिला रडूच आलं.

घरी आत्यानं पहिलं पान उघडलं. आजीचं अक्षर होतं: ‘नमू, एकटीनं राहायची मला फार हौस होती. धीर झाला नाही. तू जा. विश्वजीतदादानं अडवलं, तर हे त्याला वाचायला दे.’

बाबांनी ते उभ्यानंच वाचलं, दोनदा. मग चष्मा पुसला.

“शाबास, पोरांनो! मी उघडून बघायला हवं होतं,” ते म्हणाले आणि आत्याची बॅग उचलून दाराशी नेऊन ठेवली. “नमू, सकाळी किती वाजता निघायचंय?”