भीमण्णाची वहाण

लाईट गेली तर जाऊ दे पोरी, कंदील आहे की. बस अशी जवळ. ती तंबाखूची चंची उघडीच राहू दे, झाकू नको. भूत बघितलं का म्हणून विचारायलीस व्हय? बघितलं न्हाई. पण त्याला तंबाखू मातर दिलाय.

निजामाचं राज्य होतं तवा. कोळारच्या वाटेला वीरभद्रप्पा सावकाराचं सरकी काढायचं शेड होतं. मी तिथं यंत्रात कापूस घालायची. गावची वीज तारेवरनं आली होती, पण तिचं रुसणं नव्या नवरीवानी, कधी जाईल सांगता यायचं न्हाई. म्हणून सावकारानं तेलाचं इंजिन बी बसवलेलं. भिंतीवर दोन खटके: एक बाहेरच्या तारेचा, एक इंजिनाचा. पहिला खाली पाडल्याबिगर दुसरा वर करायचा न्हाई. दोन्ही एकदम वर गेले की आमच्या इंजिनाची वीज उलटी खांबावर जायची, आन् वर माणूस असला तर संपलाच. भीमण्णा तारवाला तसाच गेला. लई हसरा माणूस. खांबावर चढायच्या आधी माझ्याकडं येऊन चिमूटभर तंबाखू मागायचा.

त्याच्या जागी आमचे घरधनी लागले. यांनी एक नेम घालून दिला. खांबावर अनवाणीच चढायचं असतं, तर चढायच्या आधी आपली एक वहाण बाहेरच्या खटक्याला अडकवायची. ज्याची वहाण त्यानंच काढायची. तोवर खुद्द सावकार म्हणाला तरी खटक्याला हात लावायचा न्हाई. सगळी हसायची, पण पाळायची.

त्या दिवशी दुपारीच आभाळ दाटलं आन् तारेवरची वीज गेली. इंजिनवाल्या काशप्पानं बाहेरचा खटका पाडला, इंजिन लावलं. हे आले, वहाण अडकवली, कालवणात मीठ लई पडलं होतं म्हणून मला ऐकवलं आन् शेडामागच्या खांबावर चढले. मी मनात म्हणलं, उतरा खाली, मग सांगते.

आत अंधार, जळक्या तेलाचा वास, हवेत कापसाची पूड. यंत्राच्या हादऱ्यानं वहाण खाली पडली, आन् गल्लीतलं एक चोरटं कुत्रं ती तोंडात धरून पळालं. ही गोष्ट मागून कळली. काशप्पा बाहेर पाय मोकळे करून आला, खटका मोकळा बघितला. त्याला वाटलं, यांचं काम झालं. इंजिन बंद करायचा आळस मेल्याला. सरळ बाहेरच्या खटक्याकडं हात नेला.

तेवढ्यात मला ऐकू आलं. कर्र… कर्र… वहाणेच्या चामड्याचं चालणं. यंत्राच्या धडधडीत बी नीट ऐकू यायलं होतं.

"अक्का…" काशप्पा पुटपुटला. "ही वहाण आत्ता न्हवती…"

खटक्याला वहाण होती. ओल्या मातीनं भरलेली.

मी मागच्या दाराला पळाले. हे वरच होते, दोन्ही हातांनी तार धरून, शीळ घालत. जल्मात कधी नाव घेतलं न्हवतं, तवा घेतलं.

"हावगेप्पा… खाली या."

बायकोच्या तोंडून नाव ऐकून हे निम्मा खांब घसरतच आले. आत येऊन वहाण बघितली आन् तिच्या टाचेशी वाकले. टाचेला सायकलच्या टायरचं ठिगळ होतं, यांनीच मारलेलं. भीमण्णाला मातीत ठेवताना दोन्ही वहाणा यांनीच त्याच्या पायाशी ठेवल्या होत्या.

सावकार आला. काढा ती, म्हणाला. पण काढणार कोण?

"ज्याची वहाण त्यानंच काढायची," हे म्हणाले.

सावकारानं कुलपाची किल्ली काढली. इंजिन बंद करून, कुलूप लावून सगळे निघालो. काशप्पा एवढा बाप्या, पण लेकरावानी माझा पदर धरून चालायलता. मला हसू आवरेना, आन् रडू बी.

सकाळी कुलूप काढलं. खटका खालीच, वहाण गेलेली. कापसाच्या पुडीत पावलं उमटली होती. खटक्यापर्यंत एक पाय वहाणेचा, एक अनवाणी. तिथून पुढं दोन्ही वहाणेचे. ती दाराकडं गेली न्हवती. माझ्या बसायच्या पाटापर्यंत येऊन संपली होती. पाटावर मी विसरलेली चंची उघडी पडली होती, आन् चुन्याच्या डबीत अंगठ्याचा ठसा, माझ्या दोन अंगठ्यांएवढा.

कुंकवाचं मोल चिमूटभर तंबाखू. स्वस्तच की ग. शेड पडून वीस वर्षं झाली, हे अजून मीठ लई पडलं म्हणून भांडायलेत. आन् लाईट गेली की मी चंची उघडून ठेवते.

तू आलीस तवा काठोकाठ भरली होती मी. कंदील इकडं आण… बघ आता.