वाचनकक्षातले चाळीस खून

"माझ्या वाचनालयात चाळीस माणसांचा खून झालाय," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आणि खुनी उजळ माथ्यानं फिरतोय."

भाऊजींचा चहा बशीत सांडला. खासगी तपासाचा व्यवसाय त्यांच्या वहिनींचा. भाऊजींचं काम सोबत जायचं आणि वेळप्रसंगी घाबरायचं. प्रेतं कुठे आहेत, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"वाचनकक्षात. पुस्तकं वाचत बसलीयत."

बाई चेष्टा करत नव्हत्या. संतापानं त्यांचा चष्मा नाकावर थरथरत होता. वाचनालय डिजिटल झाल्याचं त्यांना दुःख नव्हतं. घरबसल्या मोबाइलवर पुस्तक मिळण्याची सोय त्यांनीच हट्टानं सुरू केली होती. दुःख एका आकड्याचं होतं. वाचनकक्षात बसून वाचली जाणारी पुस्तकं महिन्याला हजाराच्या घरात असत. गेल्या महिन्यात संगणकानं सहा दाखवली. सहाशे नव्हे, सहा. आणि त्या सहाच्या जोरावर आज चार वाजता, कार्यवाहांच्या आग्रहावरून, कार्यकारिणी वाचनकक्ष बंद करून तिथे नुसत्या पडद्यांचं 'डिजिटल दालन' थाटणार होती.

"घरी एकटी पडलेली माणसं आहेत हो ती. कुठं जातील? चारच्या आत मला ती जिवंत करून द्या."

वहिनींनी पर्स उचलली.

साडेअकराला वाचनकक्षातल्या चाळीस खुर्च्यांपैकी एकही रिकामी नव्हती. प्रत्येक टेबलावर पितळी पाटी उभी होती: 'पुस्तक वाचून झाल्यावर जागेवर ठेवा. शिस्त हीच संस्कृती.' त्याखाली, संस्कृतीपेक्षा मोठ्या अक्षरांत, 'सौजन्य: कार्यवाह' आणि अनावरणाची तारीख, गेल्या महिन्याची एक.

भाऊजींना पाटी फार आवडली. पक्ष्यांवरचं एक पुस्तक काढून त्यांनी उभ्यानंच चार पानं वाचली आणि शहाण्यासारखं होतं तिथे सरकवलं. शाळेत असताना याच कक्षात, पुस्तक स्वतः कपाटात ठेवलं म्हणून, त्यांना ओरडा बसला होता. काळ सुधारला, असं त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनी पाटीवरची तारीख वाचत होत्या.

शिपाई तात्या आधीच पेटलेले होते. त्यांच्या कामचुकारपणामुळे आकडा पडला, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. टेबलावर राहिलेली पुस्तकं ट्रॉलीत गोळा करायची, एकेक स्कॅन करायचं, मग कपाटात लावायचं, हे त्यांचं काम.

"स्कॅनर रोज चार्ज करतो मी," ते म्हणाले. "पण ट्रॉलीच रिकामी असली, तर काय स्वतःचं टक्कल स्कॅन करू?"

प्रोग्रॅमकडे बोट दाखवाल तर बघा, असा चेहरा करून संगणकवाल्यानं त्या सहा पुस्तकांची यादी छापून दिली. सहाच्या सहा पुस्तकं जाडजूड कोश होते, सगळ्यात वरच्या फळीवरचे, जिथे स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. प्रोग्रॅम बसवताना दिलेल्या प्रशिक्षणाबद्दल विचारल्यावर तो खवळला. तात्या घोरत होते, बाई फोनवर होत्या, एकटे कार्यवाह वही उघडून बसले होते आणि संगणक नेमकं काय मोजतो, हे त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं होतं.

कार्यवाह मात्र प्रसन्न होते. आपण बोलत नाही, आकडे बोलतात, असं त्यांनी खुर्चीत रेलून सांगितलं. मोजणी कशी होते, या प्रश्नावर ते हसले.

"मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही हो. मी आपला शिस्तीचा माणूस."

साडेबाराला वाचनकक्षात परत येऊन वहिनींनी एक काम केलं. टेबलाटेबलावर जाऊन प्रत्येक पाटी पालथी घातली. भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता शेजारच्या खोलीत कार्यकारिणी बसली. अध्यक्षांनी ठरावाचा कागद पुढे ओढला, तेवढ्यात वहिनी उभ्या राहिल्या.

"तात्या, आज किती?"

"त्रेसष्ट. साडेबारापासून."

अध्यक्षांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

"संगणक वाचक मोजत नाही," वहिनी म्हणाल्या. "तो ट्रॉली मोजतो. पूर्वी वाचक पुस्तक टेबलावर सोडायचे, कपाटात ठेवणाऱ्याला ओरडा बसायचा. विचारा आमच्या भाऊजींना. एक तारखेला ही पाटी आली. सज्जन माणसं, त्यांनी ती पाळली. ट्रॉली रिकामी झाली. उरले ते सहा कोश, कारण स्टुलावर दुसऱ्यांदा चढायची या वयात कुणाची हिंमत नाही. तात्यांचा दोष नाही, प्रोग्रॅमचा नाही."

"मी चांगल्या हेतूनं…" कार्यवाह म्हणाले.

"यंत्रातलं ओ की ठो न कळणाऱ्यानं ट्रॉलीची गोष्ट दोनदा विचारून वहीत का लिहिली?" आता वहिनींचा आवाज चढला. भाऊजींनी तो इतका चढलेला वीस वर्षांत ऐकला नव्हता. "पाटीवर नाव नसतं, तारीख नसती, तर मी आठवडाभर चाचपडत बसले असते. पण नाव कोरल्याशिवाय तुमच्या हातून साधी खुर्चीसुद्धा हलत नाही. माणसांना चांगलं वागायला सांगायचं आणि त्याच चांगुलपणाच्या जोरावर त्यांना हाकलायचं! लाज कशी वाटली नाही?"

अध्यक्षांनी ठरावाचा कागद, पाटीसारखाच, पालथा घातला. वाचनकक्ष राहील, पडदे व्हरांड्यात लागतील, असं ते म्हणाले, आणि कार्यवाहांना वही आणायला सांगितलं. वही घरी आहे, असं कार्यवाह म्हणाले. ती बगलेत आहे, असं तात्या ओरडले. बाई टेबलावर मूठ आपटू लागल्या, संगणकवाला खुर्चीवर चढला, आणि आपल्यालाही कधीपासून राग आला आहे, असं भाऊजी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाले.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. खून झालेल्या चाळिसांपैकी एका आजोबांनी, पानात बोट घातलेलं पुस्तक छातीशी धरून, आत डोकं घातलं.

"जरा हळू भांडाल का? वाचतोय आम्ही."